पूर्ण अंध मुलीला अकरावी सायन्सला घ्यायचं का, आणि प्रॅक्टिकलचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या एका सरांनी विचारलंय की आमच्याकडे एका पूर्ण अंध मुलीने अकरावी सायन्सला ॲडमिशन मागितलीय, दहावीला मार्क चांगले आहेत, गणित आणि विज्ञान तिने सगळ्यांसारखंच घेतलं होतं, प्राचार्य म्हणतायत आर्ट्सला घ्या म्हणजे तिचीही ओढाताण नको नि आपलीही, मला स्वतःला तिला शिकवायची इच्छा आहे पण प्रॅक्टिकल कसं घेणार, परीक्षेत काय होणार, आणि एवढं सगळं करून पुढे तिला सायन्समध्ये करिअर आहे का.

सर, घ्या तिला. मी आधी ज्युनिअर कॉलेजलाच फिजिक्स शिकवायचे, आता बऱ्याच वर्षांपासून दृष्टिहीन मुलांसाठी विज्ञान-गणिताची पुस्तकं, आकृत्या आणि लॅबची साधनं तयार करायचं काम करते, त्यामुळे नुसतं बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. आणि कायदाही स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालाय, त्याचं कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने दिव्यांग विद्यार्थ्याला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची. म्हणजे तुमच्या कॉलेजपुढे घ्यायचं की नाही हा प्रश्न उरतच नाही, कसं शिकवायचं एवढाच उरतो.

एक गोष्ट आधी सांगते कारण ती पालकांना फार उशिरा कळते. आपल्या राज्य बोर्डात अंध मुलांना दहावीला गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि विज्ञानाऐवजी शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र-गृहविज्ञान घ्यायची सवलत आहे. शाळा ती सवलत अगदी मायेने घ्यायला लावतात, पोराला त्रास नको म्हणून. पण सातवीच्या अंकगणितावर दहावी झालेलं पोर अकरावी सायन्सच्या पहिल्या चाचणीतच अडकतं, ते तिथे पोचायच्या आधीच दार बंद झालेलं असतं आणि कोणी नाही म्हटलेलं नसतं. इंजिनिअरिंगमध्ये, संशोधनात अंध लोक इतके कमी का याचं उत्तर शोधायला कंपन्यांकडे जायची गरज नाही, बरंचसं उत्तर आठवी-नववीच्या वर्गातच सापडतं. तुमच्या विद्यार्थिनीने ती सवलत घेतली नाही, किंवा तिच्या शाळेने, तिच्या आईवडिलांनी घेऊ दिली नाही, यात किती जणांची मेहनत आहे ते प्राचार्यांना मुद्दाम सांगा. आता अकरावीला तुम्ही तिला आर्ट्सला पाठवलंत तर ती सगळी मेहनत वाया गेली.

प्राचार्यांना टी. व्ही. रामन यांच्याबद्दलही सांगा. जन्म पुण्याचा, चौदाव्या वर्षी काचबिंदूने पूर्ण दृष्टी गेली, पुण्यातल्याच नौरोसजी वाडिया कॉलेजातून गणित घेऊन पदवी, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेलला अप्लाइड मॅथेमॅटिक्समध्ये पीएचडी, १९९४ साली. तेव्हा ना मोबाइल ना आजच्यासारखा सहज मिळणारा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर), भाऊ आणि इतर माणसं पुस्तकं वाचून दाखवायची. आयआयटीत त्यांनी गणितातल्या वक्ररेषा ऐकता येतील असा प्रोग्रॅम केला होता, वक्र वर गेला की आवाज चढतो असा, आणि पीएचडीला समीकरणांनी भरलेला मजकूर नीट वाचून दाखवणारी सिस्टिम बनवली. पुढे गूगलमध्ये गेले. म्हणजे हे काम आपल्याच राज्यात सुरू झालेलं आहे, परदेशातलं काहीतरी मागतोय असं नाही.

आता वर्गाचं. वर्गात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आपल्या बोलण्यामुळे. ‘हे इकडून तिकडे नेलं, याला याने भागलं, मग हे आलं’ असं आपण फळ्याकडे बघून बोलत राहतो आणि तिला त्यातलं काहीच मिळत नाही. जे लिहाल ते बोला, एवढी एकच सवय लावून घ्या. त्यातही अपूर्णांक जपून. ‘ए प्लस बी अपॉन सी’ असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला कळतच नाही की सी हा फक्त बीच्या खाली आहे की दोघांच्या खाली, बघणारी मुलं फळ्यावरून समजून घेतात, ती कशावरून समजणार? म्हणून ‘अपूर्णांक सुरू, वर ए प्लस बी, खाली सी, अपूर्णांक संपला’ असं म्हणायचं. वर्गमूळ, घातांक, इंटिग्रलच्या मर्यादा यांचंही तसंच, कुठे सुरू आणि कुठे संपलं ते सांगायचं. सुरुवातीला जीभ अडखळते, महिन्याभरात सवय होते, आणि माझा अनुभव असा की मागच्या बाकावरची डोळस मुलंही म्हणायला लागतात की आता कळतंय.

नोट्सचं मात्र तुम्हाला आधीपासून बघावं लागेल. आपल्याकडे नोट्स म्हणजे वहीच्या पानाचे फोटो व्हॉट्सॲपवर, नाहीतर स्कॅन केलेली पीडीएफ, स्क्रीन रीडरला दोन्ही म्हणजे कोरं पान. आणि मराठीत अजून एक भानगड आहे, डीटीपीवाल्यांकडून टाइप करून आणलेल्या फाइल्स जुन्या फॉन्टमधल्या असतात, दिसायला मराठी, पण स्क्रीन रीडर वाचायला लागला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. त्यामुळे टाइप करणाऱ्याला ठणकावून सांगा की युनिकोडच पाहिजे. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर विंडोजवर फुकट चालतो आणि मराठी वाचतो, फोनवर टॉकबॅक आहेच. समीकरणांसाठी तिला लेटेकची, म्हणजे समीकरणं टाइप करायच्या पद्धतीची, तोंडओळख करून द्या, कारण त्यात अपूर्णांकसुद्धा सरळ एका ओळीत अक्षरांनी लिहिला जातो, साध्या नोटपॅडमध्येही ती तो वाचू शकते, स्वतः टाइप करून तुम्हाला पाठवू शकते, आणि पुढे ती पेपर लिहिण्याच्या पातळीला गेली तर जगभरचे गणित-फिजिक्सवाले तेच वापरतात. ब्रेल येत असेल तर गणिताचं ब्रेल कुठलं शिकलीय, नेमेथ कोड येतो का, ते विचारून घ्या, सगळ्या शाळा शिकवत नाहीत. पुस्तक स्कॅन करून टाइप करायला कॉपीराइटची भीती बाळगू नका, २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांग व्यक्तीसाठी पुस्तक वाचण्याजोग्या स्वरूपात बदलायला परवानगी आहे. सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी २०१६ पासून आहे, तिथे आधी शोधा, कोणीतरी आधीच केलेलं असू शकतं. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटर २००३ पासून काम करतंय, अंध मुलांचं गणित-विज्ञान हा त्यांचा विषयच आहे, त्यांना विचारा.

आकृत्यांसाठी जर्मन फिल्म घ्या, रबराच्या पॅडवर ठेवून साध्या बॉलपेनने दाबून रेघ ओढली की ती उठून येते आणि बोटाला लागते, अंध शाळांमध्ये हे सर्रास वापरतात. दिल्ली आयआयटीतून सुरू झालेलं रेज्ड लाइन्स फाउंडेशन छापील उठावाच्या आकृत्या करतं. पण पुस्तकातली आकृती जशीच्या तशी उठावात आणली तर बोटाला नुसता गुंता लागतो. एका आकृतीच्या दोन-तीन करा, आधी फक्त अक्ष आणि वक्र, मग दुसऱ्या शीटवर स्पर्शरेषा, नावं कमीत कमी. आणि शीट हातात देताना सांगा की डावीकडे खाली मूळबिंदू आहे, तिथून सुरुवात कर.

आता लॅब, ज्यासाठी तुम्ही मुळात विचारलंय. प्रत्येक प्रयोगाला स्वतःला विचारा की यात मला नक्की काय तपासायचंय, तिचे डोळे की तिची समज. रेझोनन्स ट्यूबचा प्रयोग घ्या, तो तर डोळस मुलंही कानानेच करतात, तिथे बदलायचंच फार कमी आहे, फक्त लांबी मोजायला खाचा पाडलेली पट्टी पाहिजे. मीटर पट्टीवर दर सेंटिमीटरला स्टेपलरची पिन किंवा खाच आणि दर दहाला दोन, एवढ्यात अर्धी लॅब तिच्यासाठी उघडते. मीटर ब्रिजला सेलच्या जागी ऑडिओ सिग्नल द्या आणि गॅल्व्हानोमीटरच्या जागी इअरफोन लावा, बॅलन्स पॉइंटला आवाज सगळ्यात बारीक होतो, हे काही नवीन नाही, जुन्या एसी ब्रिजमध्ये हेडफोन हाच डिटेक्टर असायचा, आपण विसरलोय. व्हर्निअर कॅलिपरवरच्या बारीक रेघा बोटाला कळणार नाहीत, पण तत्त्व शिकवायला पुठ्ठ्याचा मोठा व्हर्निअर करा, मुख्य पट्टीवरचे नऊ भाग आणि सरकपट्टीवरचे दहा, खाचा पाडून, कुठली खाच कुठल्या खाचेला जुळते ते ती बोटाने शोधेल. प्रत्यक्ष मोजमापाला डिजिटल कॅलिपर घ्या, आकडा पार्टनर वाचेल. पेंड्युलमला गोळ्याच्या खाली छोटं मॅग्नेट चिकटवून टेबलावर फोन ठेवला तर फोनमधला मॅग्नेटोमीटर प्रत्येक फेरी नोंदवतो, फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखन विद्यापीठाचं फुकट ॲप त्यासाठी चांगलं आहे, त्यातला डेटा एक्सेलमध्ये काढता येतो आणि एक्सेल ती स्क्रीन रीडरने वाचते.

प्रकाशाच्या प्रयोगांना आणि केमिस्ट्रीलाही उपयोगी पडेल असं एक साधन तुमच्याच लॅबमध्ये बनवा: ५५५ टायमर आयसी, एक एलडीआर (प्रकाशाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर), थोडे रेझिस्टर-कपॅसिटर आणि छोटा स्पीकर. प्रकाश बदलला की आवाजाची पट्टी बदलते. काचेच्या वडीच्या प्रयोगात टाचण्यांऐवजी लेझर वापरून किरण कुठे बाहेर पडला ते ती या आवाजावरून शोधते, आणि सापडलेल्या जागी टाचणी लावली की पुढचं सगळं, दोरा ताणून कोन मोजणं वगैरे, हाताने होतं. टायट्रेशनला फ्लास्कच्या एका बाजूला हिरवा एलईडी आणि समोरच्या बाजूला एलडीआर ठेवा. हिरवाच का, तर फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग हिरवा प्रकाश शोषतो, त्यामुळे एंड पॉइंटला आवाज चटकन बदलतो, आणि पोटॅशियम परमँगनेटही हिरवाच शोषतं म्हणजे तेही टायट्रेशन याच सेटअपवर निघतं. बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून वरून काळा पुठ्ठा लावा, नाहीतर कोणी खिडकीसमोरून गेलं तरी आवाज बदलेल. ब्युरेटऐवजी मोठी सिरिंज, दांड्यावर ठरावीक अंतरावर खाचा. आम्ल-आम्लारी ओळखायला वासाचे दर्शक आहेतच, कांदा, व्हॅनिला, लवंगेचं तेल, एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातसुद्धा ते दिलेले आहेत. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये मात्र रंग पार्टनरनेच सांगायला लागतात, मी तरी अजून त्याला चांगला पर्याय बघितलेला नाही, पण कुठला रिएजंट घालायचा, किती, आणि पांढरा साका आला म्हणजे काय निष्कर्ष, हे सगळं तिचं.

पार्टनरबद्दल एक सांगते आणि हे कळकळीने सांगते. बऱ्याच ठिकाणी अंध मुलगी स्टुलावर बसते, बाकीचे तीन जण प्रयोग करतात आणि शेवटी तिला रीडिंग सांगतात, जर्नल पूर्ण होतं, सह्या होतात. हे करू नका. हात तिचाच लागला पाहिजे, चूक झाली तरी तिचीच झाली पाहिजे. पार्टनरचं काम डोळे उसने देणं, निर्णय तिचे. त्यासाठी तिला बाकीच्यांच्या दहा मिनिटं आधी लॅबमध्ये येऊ द्या, टेबलावरच्या वस्तू रोज त्याच जागी ठेवा, आम्लाच्या बाटल्या कडा असलेल्या ट्रेमध्ये आणि ब्रेल लेबल लावून, गॉगल सगळ्यांनाच सक्तीचा. ‘ॲसिड सांडलं तर जबाबदार कोण’ हा प्रश्न तुमच्याकडे नक्की येणार. त्याचं उत्तर हेच की जागा ठरलेल्या असल्या, मापं छोटी असली आणि पहिल्यांदा लॅब असिस्टंट शेजारी उभा राहिला तर धोका बाकीच्या मुलांपेक्षा जास्त नसतो, मी तर बघितलंय की अंध मुलं हात घालायच्या आधी विचार करतात आणि धसमुसळेपणा डोळस मुलांचाच जास्त.

परीक्षेला रायटर, म्हणजे ती सांगेल ते उत्तर लिहिणारा, मिळेल, तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळेल, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तो आहे. पण विज्ञानाला रायटर ही फार मोठी अडचण होते. नियम असा की रायटर खालच्या इयत्तेचा हवा, मग बारावीच्या गणिताला असं पोर येतं ज्याने इंटिग्रलचं चिन्ह आयुष्यात बघितलेलं नाही, तिला उत्तर येत असतं आणि कागदावर भलतंच उमटतं. यावर उपाय तालीम. रायटर दोन महिने आधी ठरवा आणि दोघांनी चिन्हांची नावं आपापसात पक्की करावीत. लेव पोन्त्र्यागिन हा विसाव्या शतकातला मोठा रशियन गणितज्ञ, चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटात आंधळा झाला, त्याची आई शिवणकाम करणारी, गणित शिकलेली नव्हती, तिने त्याला गणिताची पुस्तकं वाचून दाखवली, चिन्ह जसं दिसेल तसं नाव देऊन, हे शेपट्या वर असलेलं, हे शेपट्या खाली असलेलं, आणि तेवढ्यावर तो शिकला. तेव्हा दहावी झालेलं पोर नक्कीच तयार होतं, सराव पाहिजे. दुसरा मार्ग म्हणजे कॉम्प्युटरवर स्वतः टाइप करणं, त्याच सूचनांमध्ये त्याला परवानगी आहे आणि आदल्या दिवशी मशीन तपासून घ्यायचीही. मला हा मार्ग जास्त पटतो, कारण पुढे नोकरीत कोणी रायटर देणार नाही, तिला स्वतःच लिहायचंय.

आणि करिअर. आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी राखीव आहेत, जेईई मेनच्या तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो. सरकारी नोकरीत ४ टक्के, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टीवाल्यांसाठी. हे सगळं रांगेत सहज मिळतं असं मी म्हणणार नाही. कार्तिक साहनी या अंध मुलाने सीबीएसईशी भांडून सायन्स घेतलं, २०१३ ला बारावीला ९५ टक्क्यांच्या वर मिळवले, पण आयआयटीच्या प्रवेश परीक्षेला त्याला हवी ती सोय मिळाली नाही, शेवटी स्टॅनफर्डने त्याला पूर्ण स्कॉलरशिप देऊन नेलं. असा मुलगा आपण घालवला याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून परिस्थिती सुधारलीय, कायदाही बदललाय, पण प्रत्येक टप्प्यावर लेखी मागावं लागतं हे तिला आत्तापासून शिकवा.

शाखा कुठली म्हणाल तर सगळे तिला कॉम्प्युटर सायन्सकडे ढकलतील. ते वाईट नाही, कोड हा शेवटी मजकूर आहे, व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर स्क्रीन रीडरवर चांगला चालतो, एनव्हीडीए ओळीचं इंडेंटेशनही सांगतो, माझ्या ओळखीतली मुलं यात चांगल्या नोकऱ्या करतायत. पण तिला जर रसायन आवडलं, संख्याशास्त्र आवडलं, तर अंध आहेस म्हणून कोडिंगच कर असं म्हणू नका. गीरत व्हर्मै तिसऱ्या वर्षी आंधळे झाले आणि शिंपले-गोगलगाईंच्या कवचांचे जगातले मोठे अभ्यासक झाले, बोटांनी कवचं तपासून, डोळस लोकांच्या नजरेतून सुटलेल्या खुणा त्यांना बोटाला सापडल्या. वांडा दियाझ-मर्सेड खगोलशास्त्रात आहेत, विशीत दृष्टी गेल्यावर त्यांनी दुर्बिणींचा डेटा आवाजात बदलून ऐकायला सुरुवात केली.

नोकरीत अडचण येते ती पहिल्या चाळणीला. कंपन्यांच्या ऑनलाइन कोडिंग टेस्टमध्ये बटणांना नावंच नसतात, माउसने ओढायचे प्रश्न असतात, घड्याळ पळत असतं, आणि हुशार मुलगी इंटरव्ह्यूपर्यंत पोचतच नाही. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे खासगी कंपन्यांनाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, टेस्टच्या आधी एचआरला ईमेल करून ते मागायचं आणि वेगळ्या पद्धतीची टेस्टही मागायची, बऱ्याच कंपन्या विचारल्यावर देतात. अजून एक, अशा मुलांना कंपनीत ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंगमध्येच, म्हणजे सॉफ्टवेअर दिव्यांगांना वापरता येतं का ते तपासायच्या कामातच, बसवून ठेवायची पद्धत पडलीय. आवडत असेल तर जरूर करावं, पण तिने इंजिन डिझाइनचा किंवा डेटाबेसचा हट्ट धरला तर तो योग्यच आहे.

ती मुलगी आहे, आणि गाव लहान आहे, त्यामुळे घरचे बारावीनंतर पुण्या-मुंबईला पाठवायला घाबरतील, आणि याच कारणाने माझ्या बघण्यातल्या चांगल्या मुली मागे राहिल्यात, मार्कांमुळे नाही. पांढरी काठी घेऊन एकटीने एसटीने जाण्या-येण्याचं ट्रेनिंग तिने या दोन वर्षांतच घ्यावं, तिच्या जुन्या अंध शाळेत किंवा नॅब या अंधांसाठीच्या संस्थेच्या तुमच्या जवळच्या शाखेत विचारा, आणि आईवडिलांना अशा एखाद्या मुलीशी फोनवर बोलायला द्या जी हॉस्टेलला राहून शिकलीय.

प्राचार्यांकडे जाताना खर्चाचा कागद घेऊन जा, बोलणं सोपं जातं. सेकंड हँड लॅपटॉप, एनव्हीडीए फुकट, जर्मन फिल्मचं एक पाकीट, डिजिटल कॅलिपर, वरचं एलडीआरचं सर्किट, बाकी पट्ट्या-पुठ्ठे तुमच्याच कपाटातून. मोठा खर्च लॅपटॉपचा, तो माजी विद्यार्थ्यांकडून किंवा गावातल्या एखाद्या बँकेकडून मिळतो. आणि विभागीय मंडळाला पत्र अकरावीतच लिहायला घ्या, बारावीच्या फेब्रुवारीची वाट बघू नका. कुठल्या प्रयोगात कुठलं साधन वापरणार ते लिहा, कॉम्प्युटरवर उत्तर लिहायची परवानगी मागा, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा, आणि पोच घेतलेली कॉपी लॅबच्या फाइलला लावून ठेवा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने टेबलावर स्पीकर बघून हे काय म्हणून विचारलं की कागद पुढे करता येईल.